विमानाखालची वीस पावलं

सुनेच्या नावानं पत्र आलं त्या दिवशी मी नाही म्हणालो. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला एवढा हक्क असतो असं मला वाटत होतं.

पत्र ड्रोनच्या शिक्षणाचं होतं. बचत गटातून दोन बायकांची नावं गेली होती, त्यातलं एक आमच्या सुनेचं निघालं. दहा दिवस बाहेरगावी राहायचं, ड्रोन उडवायला शिकायचं, परीक्षा द्यायची, आणि मग गावोगावच्या शेतात ड्रोननं औषध फवारायचं. मुलगा सुरतला कापडाच्या मिलमध्ये आहे. तो फोनवर म्हणाला, "आप्पा हो म्हणतील तर जा." म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि आज गुरुवार होता.

पत्राच्या खाली एक सही होती. मी चौथी शिकलेला माणूस, इंग्रजी मला येत नाही. पण ती सही मी अंधारात पण ओळखीन. पहिलं अक्षर मोठं, आणि शेवटचं शेपूट वर चढत जातं. ती आमच्या साहेबांची सही. ड्रोनची ती शाळा त्यांनीच काढलेली, आता त्यांची मुलगी चालवते, सही मात्र अजून तेच करतात. मी कागद घडी करून सुनेला परत दिला आणि म्हणालो, "त्या माणसाच्या कामाला माझ्या घरातली दुसरी बाई जाणार नाही."

पहिली बाई म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. श्वासानं गेली. चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेली होती, तिथल्या लोकांनी जीव लावून केलं, पण छातीत काही राहिलंच नव्हतं. डॉक्टरला मी विचारलं, कशानं झालं. तो म्हणाला, बाबा, चुलीचा धूर असेल, मिरचीच्या पथारीवरची धूळ असेल, शेतातलं औषध असेल, आता कसं सांगू. मिरची वाळत घालतात त्या पथारीवर ती वीस हंगाम देठ खुडत बसली, हे खरं. चूल तर जन्माचीच. पण माझ्या मनात एकच गोष्ट बसली. ती गोष्ट मनात का बसली ते सांगायला मला साहेबांपासून सांगावं लागेल.

साहेब लढाऊ विमानाचे पायलट. एकाहत्तरच्या लढाईत होते. लढाई संपल्यावर काही वर्षांनी पाठीच्या दुखण्यानं त्यांनी हवाई दल सोडलं, आणि एक जुनं, पिवळं, एका माणसाचं विमान घेऊन आमच्या भागात आले. पोटात औषधाची टाकी, पंखाखाली नळ्या. तेव्हा शहाद्याकडे सगळा कापूस. बोंडअळी अशी पडायची की सकाळी फुललेलं शेत आठ दिवसांत पोकळ. साहेब म्हणाले, तुम्ही पंपानं महिना लावता, मी एका सकाळीत करतो. गायरानावर मुरूम दाबून त्यांनी धावपट्टी केली. लोक हसले. "फौजेतून आला, डोक्यावर परिणाम झाला." मूळचे इंदूरकडचे, त्यामुळे मराठी बोलायचे पण हिंदीच्या चालीवर.

पहिल्या दिवशी विमान उठलं तेव्हा माझी बायको डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन उभी होती. आम्ही घरात अहिराणी बोलतो. मी इथे साध्या मराठीत लिहितो, पण तिचे शब्द मला तसेच ऐकू येतात, ते तसेच ठेवतो. ती म्हणाली, "तुम्हना साहेब येडा शे का? इतला खाले कोन उडाडस?"

साहेब खरंच तेवढं खाली उडायचे. विजेच्या तारेखालून जायचे. कापसाच्या शेंड्यावरून चाकं जेमतेम पुरुषभर उंच. म्हणायचे, लढाईत याच्यापेक्षा खाली उडलो, आणि तेव्हा खालून लोक गोळ्या मारत होते. इथे तर फक्त शिव्या देतात.

मला त्यांनी कामाला घेतलं. काम सोपं. शेताच्या एका टोकाला एक माणूस पांढरा झेंडा घेऊन उभा राहायचा, दुसऱ्या टोकाला दुसरा. साहेब एका झेंड्यावरून दुसऱ्या झेंड्यावर सरळ रेघ मारायचे. रेघ झाली की दोघांनी वीस पावलं बाजूला सरायचं, मग दुसरी रेघ. दुसऱ्या टोकाला उभं राहायला कोणी मिळेना. सगळे घाबरायचे. मी बायकोला म्हणालो, चल. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ती म्हणाली, झेंडा धरायला काय, मी तर बैल पण धरते.

साहेबांनी समजावलं होतं की मी समोरून सरळ येताना दिसलो की झेंडा खाली घ्या आणि लगेच बाजूला पळा, मी डोक्यावर यायची वाट पाहू नका. मी थोडा तरी सरायचो. ती नाही. आमच्याकडे पाखरं राखायला माळ्यावर बसलेला माणूस पाखरं उडाल्याशिवाय जागा सोडत नाही, तसंच तिला हे वाटलं. "तो वरथून जात नही तोवर मी जागा सोडाव नही. रेघ वाकडी पडनी तर?" औषधाचा पाऊस अंगावर घेऊन ती उभी. तोंडाला ओलं फडकं, बस.

चौथ्या दिवशी साहेब विमान उतरवून सरळ माझ्याकडे चालत आले. तोंड लाल.

"अरे, तुम्ही नवरा-बायको काय करताय? वरून मला पाचर दिसते, पाचर! एका टोकाला रुंद, एका टोकाला निमुळती!"

मी म्हणालो, "साहेब, मोजून वीस पावलं टाकतो."

"ती पण वीस?"

"ती पण वीस."

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मी सहा फुटी, तंगड्या लांब. ती माझ्या खांद्याच्या खाली, आणि नऊवारी लुगडं. तिची वीस पावलं म्हणजे माझी बारा. साहेब आधी हसले, मग तिला म्हणाले, "वहिनी, तुमचा नवरा घोडा आहे, तुम्ही का सांगत नाही?" ती म्हणाली, "घोडाले कोन सांगी?" सगळे हसले. त्या दिवसापासून साहेबांनी दोघांना सारख्या मापाची एकेक सुतळी दिली आणि पावलं बंद झाली.

गावात ही गोष्ट वर्षानुवर्षं थट्टेनं सांगितली जायची. मी पण सांगायचो. हसायचो. मला हे कधी सुचलं नाही की रेघा तिच्या टोकाला निमुळत्या होत होत्या, म्हणजे तिच्या टोकाला एका रेघेवर दुसरी चढत होती. माझ्याकडे औषध विरळ, तिच्याकडे दुप्पट. हे मला तिच्या दहाव्याच्या दिवशी सुचलं. नदीवर बसलो होतो, न्हाव्याचा वस्तरा डोक्यावर चालला होता, आणि अचानक ते शेत डोळ्यांपुढे आलं, वरून पाहिल्यासारखं. तेव्हापासून माझं जेवण गेलं.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे पण लिहिलं पाहिजे. आठ हंगाम त्यांनी आमच्याकडे काढले. आमच्या घरी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचे, नाक पुसत पुसत, आणि पुन्हा मागायचे. एकदा जेवताना बायकोनं त्यांना सरळ विचारलं. असं मी कधी विचारलं नसतं.

"साहेब, लढाईमा मानसे मारात का?"

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. साहेबांनी घास खाली ठेवला. "मेली असतील."

"वरथून दखातस का?"

"बहुतेक नाही. एकदा एक दिसला. रेल्वेच्या रुळांजवळ उभा होता, हात हलवत होता. थांबा म्हणत होता की दुसऱ्या कोणाला पळा म्हणत होता, मला आजपर्यंत कळलं नाही."

मग साहेबांनी काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मंग आते आमले देखीसन उडा." त्यानंतर रोज काम संपलं की साहेब जाताना तिच्या टोकावरून एकदा पंख हलवायचे. ती झेंड्यानं उत्तर द्यायची. माझ्या टोकावरून नाही हलवले कधी. मी घोडा.

पुढे लोकांनी कापूस कमी केला, केळी आली, ऊस आला, विमानाची फवारणी बंद पडली. साहेब गेले. दोन-तीन माणसं बसतील अशी भाड्याची विमानं घेतली, आजारी माणसं मुंबईला न्यायची, निवडणुकीत पुढारी फिरवायचे. मग उडायला शिकवायची शाळा काढली. एकदा धंदा पूर्ण बुडाला असं ऐकलं, एकदा पुन्हा उठला असं ऐकलं. म्हातारपणी ड्रोन. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, आणि बोलायचे तिच्याशीच. ती गेली ते मी त्यांना कळवलंच नाही. मुद्दाम.

तर असा गुरुवार होता, आणि मी नाही म्हणून बसलो होतो. सून शुक्रवारी गप्प राहिली. शनिवारी सकाळी चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही कारण सांगत नाही. ते त्या साहेबांशी आहे एवढं मला कळतं. मग त्यांनाच विचारा." तिनं तिच्या सासूच्या मोबाईलमधून नंबर काढला, लावला, आणि फोन माझ्या हातात दिला. आमची सून अशी आहे. बारावी शिकलेली. सासूशी पण अशीच होती, म्हणून दोघींचं जमायचं.

साहेब फोनवर हसत आले. "वहिनी!"

मी म्हणालो, "वहिनी नाही. मी आहे. ती गेली."

साहेब म्हणाले, "केव्हा?"

"दिवाळीनंतर."

"मी येतो."

मी येऊ नका म्हणणार होतो, पण त्यांनी फोन ठेवला होता.

रविवारी दुपारी गाडी आली. ऐंशीच्या घरातला माणूस, काठी घेऊन उतरला. पाठ वाकलेली, पण मान तशीच ताठ. आमच्याकडे मयतीच्या घरी भेटायला येण्याला दारवर येणं म्हणतात. दारवर आलेला माणूस ओट्यावर बसतो, आधी काही बोलत नाही, घरचा माणूस बोलेपर्यंत वाट पाहतो. माझा बाप गेला तेव्हा साहेब हे शिकले होते. आठ महिन्यांनी आले तरी तसेच बसले. काठी खाली ठेवली, टोपी काढली, आणि गप्प.

मी ठरवलं होतं की बोलायचंच नाही. पण माझा स्वभाव तसा नाही.

"साहेब, सरळ विचारतो. ती तुमच्या औषधानं मेली का?"

ते म्हणाले, "माहीत नाही. नाही म्हणालो तर खोटं. हो म्हणालो तरी मला ते माहीत नाही." मग म्हणाले, "पण एक मला माहीत आहे. फडकं पुरत नाही हे डब्यावर लिहिलेलं होतं. इंग्रजीत होतं. तुला वाचता येत नव्हतं. मला येत होतं."

मला वाटलं होतं की ते काहीतरी समजावतील, आणि मग मी ओरडेन. चार शिव्या मी तयार ठेवल्या होत्या. त्या शिव्यांचं काय करावं ते कळेना.

मग मी माझं सांगितलं. वीस पावलांचं. तिच्या टोकाला दुप्पट पडत होतं ते. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलाला पण नाही.

साहेब म्हणाले, "ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

"मग ओरडायला चौथा दिवस का लावलात?"

"पहिलं गाव होतं. काम पूर्ण करून दाखवायचं होतं. म्हटलं, थोडी वाकडी रेघ चालेल. वरून माणूस लहान दिसतो रे. लढाईत ते बरं असतं. इथे बरं नव्हतं."

आम्ही दोन म्हातारे ओट्यावर बसून रडलो. लिहायला लाज नाही वाटत. साहेबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. रडताना नाक पुसायची तीच पद्धत, ठेचा खातानाची.

सून दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं, आता ही पण रडेल. ती आत गेली, खुंटीवरचा पाठीवरचा पंप काढून आणला, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवला. निळा पंप, प्लॅस्टिकचा, पट्टा तुटलेला, सुंभानं बांधलेला. झाकणाजवळून गळतो.

"आप्पा," ती म्हणाली, "परवा मिरचीत कोण फवारत होतं?"

मी म्हणालो, "तू."

"आणि मागच्या आठवड्यात कापसात?"

"तू."

"हा पंप पाठीवर असतो. नळी हातात, औषध तोंडापुढे. घरी येते तेव्हा पाठ ओली असते. साहेबांचं विमान निदान निघून तरी जायचं. आईचं तुम्हाला आता आठवतं. मन्ही पाठ तुमले दखास नही का?"

खरं सांगतो, मला दिसली नव्हती. रोज समोरून जायची, पंप घेऊन, आणि मी ओट्यावर बसून मेलेल्या बाईची पावलं मोजत होतो. शेतातलं काम म्हणजे शेतातलं काम. त्यात जीव जातो हे विमान असलं तरच मला कळत होतं. मी तिला वाचवायला नाही म्हणत होतो, आणि माझ्या नाही म्हणण्यानं ती त्याच पंपाखाली राहणार होती.

साहेबांनी पंप हातात घेऊन वास घेतला आणि लांब धरला. मग तिला विचारलं, "ड्रोन उडवताना तू कुठे उभी राहशील?"

"वारा पाठीमागून घेऊन. लांब."

"किती लांब?"

"शिकवाल तितकी."

साहेब माझ्याकडे वळले. "मी तुला खात्री देत नाही. खात्री मी तेव्हा पण दिली होती, काही होत नाही म्हणून. एवढं सांगतो की मास्क, चष्मा, हातमोजे नसतील तर माझी मुलगी परीक्षेला बसू देत नाही, आणि शेतात माणूस उभा दिसला तर ड्रोन उठवायचा नाही हा पहिला धडा आहे. तो धडा मी लिहिला. मराठीत लिहिला."

मी सुनेला म्हणालो, "जा."

ती म्हणाली, "मनापासून?"

"अगं, जा म्हटलं ना. आता काय लग्नपत्रिका छापू?"

ती हसली. आठ महिन्यांत आमच्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. साहेबांना जेवायला थांबवलं. भाकरी सुनेनं केली, ठेचा मी केला. साहेब म्हणाले, वहिनीपेक्षा तिखट आहे. मी म्हणालो, दुःखाचा आहे, गुमान खा.

दहा दिवस मी एकटा राहिलो. खिचडी तीनदा करपली. सून रोज फोन करायची, आज वाऱ्याचं शिकवलं, आज बॅटरीचं. एक दिवस म्हणाली, परीक्षेत एकदा नापास झाले, उतरवताना आपटला. मी म्हणालो, तुझे साहेब ज्वारीच्या शेतात विमान घेऊन उतरले होते, ते पण नापासच. दुसऱ्या वेळी पास झाली.

तिचं पहिलं काम आमच्याच कापसात होतं. मास्क, चष्मा, हातमोजे, सगळं चढवून ती बांधावर उभी राहिली तेव्हा मला ती ओळखू येईना. शेजारचा शेतकरी पाहायला आला होता, धानोऱ्याचे त्याचे पाहुणे पण होते. मी कौतुकानं पुढे गेलो. काय करतो, म्हाताऱ्याला जवळून पाहायचं असतं.

तिनं हातातलं यंत्र खाली घेतलं. ड्रोन उठलाच नाही.

"आप्पा, मांगे सरका."

"अगं, इथून काय होतं?"

"मांगे सरका. तुम्ही सरकणार नही तोवर मी उडाडाव नही."

शेजारी हसायला लागला. "काय हो आप्पा, सून हाकलस का तुमले?"

मी म्हणालो, "तू पण सरक, गाढवा. ती सांगते ना." आणि त्याला पण दंडाला धरून निंबाखाली घेऊन गेलो, पाहुण्यांना पण. सगळे सावलीत बसले की नाही हे तिनं एकदा वळून पाहिलं. मग ड्रोन उठला. आवाज मधमाश्यांसारखा, विमानासारखा नाही. कापसावरून सरळ गेला, फिरला, परत आला. खाली माणूस नव्हता.

संध्याकाळी मी तो निळा पंप भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यानं विचारलं, चालतो का अजून? मी म्हणालो, चालतो, म्हणूनच आधी फोड.